मानेतलं पितळ

"ते राहू दे. पितळ गेलं कुठं?"

हैदरबक्ष उस्तादांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मुकुंदाच्या कपाळाला आठी पडली.

बाहेर ओट्यावर सर्जेराव शिकारी खोळंबले होते. कोळवाडीच्या खळ्यावरून बिबट्यानं परवा एक बाई उचलून नेली होती. दिवस मावळायच्या आत मचाण गाठायचं, तर आता निघायलाच हवं होतं.

सर्जेरावांची रायफल जुनी, विलायती. तिची काडतुसं यायची कधीच बंद झालेली. म्हणून उस्ताद दुसऱ्या, मोठ्या तोंडाच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेत, गोळी जिथं बसते ती त्यांची मान तापवून नरम करत आणि साच्यात दाबून बारीक करत. आता त्यांचा हात थरथरू लागला होता. या खेपेच्या पुंगळ्या मुकुंदानं एकट्यानं केल्या होत्या.

मुकुंद तांबटाचा मुलगा. रांगता होता तेव्हापासून कानात पितळेचे ठोके. मला पितळ कोण शिकवणार, असा त्याचा तोरा. शिकायला आला होता तोसुद्धा उपकार केल्यासारखा! आज ही काडतुसं पसंत पडली, की पुढच्या पुंगळ्यांच्या बुडावर त्याची स्वतःची खूण उमटणार होती. उस्तादांनी तसा शब्द दिला होता, आणि मुकुंदानं खुणेचा ठसा आधीच कोरून ठेवला होता.

"उस्ताद, तोंड मोठं होतं, मी लहान केलं. दाबलं, दबलं. एकीलाही चीर नाही. गोळी बसते, काडतूस नळीत जातं. आणखी काय पाहिजे?"

"पितळ."

"म्हणजे?"

"मोठ्या तोंडाला होतं तेवढं लहान तोंडाला लागत नाही. उरलेलं कुठं गेलं?"

मुकुंद मनातल्या मनात हसला. म्हाताऱ्याला खूण द्यायची नाही, म्हणून ही कोडी.

"उस्ताद, ऊन कलतंय!" बाहेरून सर्जेरावांची हाक आली. "द्या की आता."

"आणतो!" मुकुंदानं काडतुसांची पिशवी उचलली.

उस्तादांनी हात आडवा धरला.

"सकाळी यांच्या रायफलीतून एक झाडून पाहिलंस?"

"पाहिलं. झकास."

"बोल्ट कसा उघडला?"

पुंगळी बाहेर काढायला नळीमागचा बोल्ट मागे ओढायचा, तो सहज उघडला नव्हता. तळहातानं ठोकून उघडावा लागला होता. नव्या पुंगळीला होत असेल असं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

"जरा... जड होता."

"ती झाडलेली पुंगळी काढ."

त्यानं ती खिशातून काढली. पहिली म्हणून जपून ठेवलेली. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. एक सुटी गोळी उचलून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली.

"बार झाला की मान फुगते, तेव्हा कुठं गोळी सुटते. झाडलेल्या पुंगळीत गोळी आपल्या वजनानं आत उतरली पाहिजे. सोड."

मुकुंदानं गोळी सोडली.

ती तोंडावरच अडली.

त्यानं अंगठ्यानं रेटली. हलेना. अंगठ्याचं नख पांढरं पडलं, तरी हलेना...

आणि एकदम त्याला उमगलं. पितळ कुठं जाणार होतं? बाहेरून दाबलेलं सगळं मानेतच दाटलं होतं. मान जाड झाली होती, नळीत तिला फुगायला जागाच उरली नव्हती. उस्ताद दर वेळी दाबून झालं की खरवडणी घेऊन मान आतून पातळ करत बसायचे. तो त्याला म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा. बाराचा कोंडलेला दाब सकाळी रायफलीनं सोसला. मचाणावर सोसला नसता, तर ती सर्जेरावांच्या गालाशी फुटली असती.

"जा, सांग त्यांना," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही सांगा ना..."

"पुंगळ्या कुणी केल्या?"

मुकुंद बाहेर गेला. त्यानं सगळं सांगितलं, बोल्टाचंसुद्धा.

सर्जेराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"ही काडतुसं माझ्या हातात देणार होतास व्हय रं?"

"हो."

सर्जेरावांनी रिकामी रायफल खांद्याला अडकवली.

"आज शेकोट्या पेटवून बसतो. वाडीला सांगतो, पोरं घरात घ्या." दोन पावलं जाऊन ते थांबले. "उद्या तरी दे बाबा."

ते दिसेनासे होईतो मुकुंद ओट्यावर उभा राहिला. मग धावत आत आला आणि उस्तादांच्या पायांवर कोसळला.

"उस्ताद, मला काही येत नाही! मी तुमच्या पायाची धूळ. मला खूण नको, कधीच नको. उद्यापासून नुसता झाडू मारीन. माझ्यासारखा नालायक शिष्य साऱ्या मुलखात दुसरा सापडायचा नाही तुम्हाला!"

त्यानं खुणेचा ठसा काढून उस्तादांच्या पायाशी ठेवला. कपाळ जमिनीला टेकवलं. आता पाठीवर हात फिरेल, म्हणून तो वाट पाहत राहिला.

हात फिरला नाही.

उस्तादांनी पिशवी ओतली. एक काडतूस उचलून चिमट्यात धरलं, हलके हलके गोळी ओढून काढली, दारू वाटीत रिकामी केली. मग दुसरं. मग तिसरं.

मुकुंदानं न राहवून मान वर केली.

उस्तादांनी भिंतीवरची खरवडणी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"दबलास तर छान, बेटा. चीरसुद्धा नाही... पण तुझं पितळ गेलं कुठं?"