रिकामा रकाना

दवाखान्यांत संगणक नवेनवे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका फाइलमध्ये प्रत्येक रुग्णाची एक ओळ असे आणि ओळीतल्या दर दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम. नाव, फोन, रक्तगट, न चालणारे औषध, असा क्रम ठरलेला. फाइल वाचणारा प्रोग्राम रकाना ओळखायचा तो फक्त जागेवरून.

देवकाबाईंकडे फोन नव्हता. त्यामुळे त्यांच्या ओळीतला दुसरा रकाना रिकामाच होता.

“आम्ही राबायचं आणि यानं नुसती जागा अडवायची!” रक्तगट म्हणाला.

“खरंय तुमचं,” रिकामा रकाना ओशाळून म्हणाला आणि आपला स्वल्पविराम घेऊन ओळीबाहेर गेला. मागचे दोघे ऐसपैस पुढे सरकले.

त्याच दुपारी देवकाबाई तापाने फणफणून आल्या. सिस्टर मंदाकिनींनी पेनिसिलीनचे इंजेक्शन भरले आणि छापलेला कागद पाहिला. न चालणाऱ्या औषधापुढे काहीच नव्हते. त्यांनी सुई उचलली, तेवढ्यात कागदावरच्या रक्तगटाकडे नजर गेली.

“रक्तगट पेनिसिलीन? असा कुठं रक्तगट असतो का?”

त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

“अरे, ये बाबा लवकर!” रक्तगट ओरडला. “तू गेलास आणि मी फोनच्या जागी येऊन पडलो, न चालणारं औषध माझ्या जागी. बाईंच्या जिवावर बेतलं असतं!”

रिकामा रकाना धावत आला. सगळे मागे सरकले, नवा कागद बरोबर छापून आला आणि सिस्टरनी दुसरे औषध दिले.

“मी आत काहीतरी भरून घेऊ का?” रकान्याने भीत भीत विचारले.

“काही नको,” रक्तगट म्हणाला. “फक्त इथून हलू नकोस.”