केरबाचा अष्टाचंगा

कुठल्याशा एका गावात केरबा नावाचा एक भोळा मामा राहायचा. भोळा म्हणजे किती, तर देवळात कुणी म्हणालं, डोळे मिटून देवाचं नाव घे, की हा घरी पोचेपर्यंत डोळे मिटलेलेच. वाटेत विहीर नव्हती, म्हणून ही गोष्ट पुढे सांगता येतेय.

केरबाचं लग्नाचं वय कधीच उलटलं होतं. दोन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या होत्या. आता शिरगावच्या तात्याबांची हौसा सांगून आली होती. केरबाच्या आईला एकच घोर होता. आपण डोळे मिटले की या पोराला भाकरी कोण घालणार? काही झालं तरी ही सोयरीक हातची जाऊ द्यायची नाही, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

उन्हाळा होता. लेकीची पोरं आजोळी आली होती. शेवंता मोठी, गुंडू धाकटा. आईनं केरबाला बजावलं, सुपारी फुटेपर्यंत गावात हिंडू नकोस, घरीच बस, पोरांशी खेळ. खेळात काय बिघडणार, असं तिला वाटलं. बिचारी.

शेवंतानं अंगणात लिंबाच्या सावलीत कोळशानं अष्टाचंग्याचा भला मोठा पट आखला. पाच घरं उभी, पाच आडवी. चारी बाजूंना एकेक फुली, एक मधोमध. चार कवड्या आणल्या. केरबाच्या सोंगट्या चिंचोक्यांच्या, शेवंताच्या फुटक्या बांगडीच्या. गुंडूला सोंगट्या देत नसत. तो खायचा.

शेवंता नियमाची पक्की. ती म्हणाली, “मामा, चारी कवड्या उताण्या पडल्या की चंगा. चंगा पडल्याशिवाय बाहेर निघायचं नाही.”

केरबानं मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

आई धुणं घेऊन नदीवर निघाली. जाताना सांगून गेली, म्हैस मक्यात शिरली तर हाकल. आईची पाठ वळली आणि म्हैस मक्यात शिरली. केरबा उठला. उठला आणि त्याला आठवलं. तो खाली बसला, कवड्या फेकल्या. दोन. पुन्हा फेकल्या. तीन. म्हैस या सरीतून त्या सरीत. दोन. एक. परत दोन. म्हशीचं पोट भरलं, ती आपणहून गोठ्यात येऊन रवंथ करत बसली. तेव्हा कुठं चंगा पडला. केरबा काठी घेऊन मक्यात धावला. हाकलायला तिथं कुणी नव्हतं. मकाही नव्हता.

आईनं कपाळ बडवून घेतलं. ती म्हणाली, अरे, कुणी आत शिरताना दिसलं की दान कसलं बघतोस? काठी उचलायची आणि हाकलून द्यायचं.

“आधी सांगितलं असतंस, तर तसंच केलं असतं,” केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नरसू गुरव अंगणात शिरला. सोयरीक त्यानंच सुचवली होती. तात्याबांचा होकार घेऊन तो शिरगावाहून उन्हातान्हात चालत आला होता. केरबानं त्याला आत शिरताना पाहिलं. काठी उचलली. नरसू पुढे, केरबा मागे, असे दोघं मारुतीच्या देवळापर्यंत गेले. नरसू पारावर चढला आणि तिथूनच त्यानं ओरडून सांगितलं, की हौसाचे लोक तयार आहेत, शुक्रवारी सुपारी फोडायला या, आणि मी पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवायचा नाही.

म्हातारी त्याच्या हातापाया पडली. घरी येऊन तिनं केरबाला समोर बसवलं. दारात आलेल्याला हाकलत नाहीत रे, ती म्हणाली. बसायला घोंगडी टाकावी, गूळपाणी द्यावं, पोटभर खाऊ द्यावं.

“आधी सांगितलं असतंस, तर तसंच केलं असतं.”

आता सुपारीला रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून आईनं पापड लाटले. अंगणात खाटेवर वाळत घातले आणि शेजारी मीठ मागायला गेली. इकडे शेजाऱ्यांची शेळी दारात आली. केरबा लगबगीनं उठला. घोंगडी टाकली, गूळ दिला, पाण्याचा तांब्या पुढे केला. शेळीनं गूळ खाल्ला, तांब्या लवंडला आणि ती पापडांकडे वळली. शेवंता ओरडली, “मामा, पाहुणी नाही ती, हाकल तिला!” केरबाला ते पटलंही. तो पुढे झाला. बघतो तर शेळीचे पुढचे दोन्ही पाय पटावर, अगदी फुलीवर.

“शेवंते, तूच म्हणालीस ना, फुलीवर असेल त्याला हात लावायचा नाही?”

नियम शेवंताचाच होता. शेळीनं फुलीवर उभं राहून मान लांब केली आणि सगळे पापड संपवले. आई परत आली तेव्हा केरबा शेळीला पाणी पुरे झालं का विचारत होता.

या खेपेला म्हातारी रागावली नाही. उंबऱ्यावर बसून रडली. केरबालाही रडू आलं, कारण आई रडत होती. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, “केरबा, ही सोयरीक मोडली तर मी सुखानं मरायची नाही. तिथं आपलं डोकं चालवू नकोस. खेळात कसा एकही नियम मोडत नाहीस, तसाच तिथं नियमानं वाग. एवढं करशील?”

केरबानं आईच्या पायावर हात ठेवला. करीन म्हणाला.

गुरुवारी दिवसभर खेळ चालला. केरबाची सोंगटी पटाला फेरी मारून आली की शेवंता तिला बाहेरच अडवायची. “समोरच्याची एक सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही, मामा.” केरबाला मारायचं जिवावर यायचं. भाचीची बांगडीची सोंगटी, ती कशी मारायची? म्हणून तो बाहेरच गरगर फिरायचा. शेवटी शेवंताच कंटाळली. मार म्हणते ना, ती म्हणाली, आणि मारलंस की तुला आणखी एक दान. केरबानं डोळे मिटून एक मारली. मग दुसरं दान घेतलं, सोंगटी आत नेली, मधल्या फुलीवर बसवली. सोंगटी पिकली. जन्मात पहिल्यांदाच.

शुक्रवारी निघताना त्यानं कवड्या फेकल्या. पहिल्याच फेकीला चंगा पडला. आईला हा शुभशकुन वाटला.

शिरगावला तात्याबा दारातच उभे होते. डोक्याला नवा फेटा, हातात पाय धुवायला पाण्याचा तांब्या. पाहुण्यांनी पाय धुतले. आई आत गेली, शेवंता आणि गुंडू गेले. केरबा उंबऱ्याशी थांबला. या की आत, तात्याबा म्हणाले. केरबा जागचा हलेना. त्याचा चेहरा कसनुसा झाला. मारल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि मारायचं कुणाला? आई आपली, भाचरं आपली. आपली सोंगटी आपण मारत नाही. समोरचे म्हणावेत असे एकटे तात्याबाच होते. पाहुणा लाजतोय असं समजून ते तांब्या खाली ठेवायला वाकले.

“राग मानू नका,” केरबा म्हणाला, आणि त्यानं तात्याबांच्या पाठीत धपाटा घातला.

फेटा तांब्यावर पडला. केरबा आत आला आणि बैठकीच्या बरोबर मधोमध जाऊन बसला. आईनं तोंडाला पदर लावला. तात्याबांचे दोन भाऊ बाह्या सारून पुढे आले. तेव्हा शेवंताला राहवलं नाही. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. अष्टाचंगा, मका, शेळी, फुली, मारल्याशिवाय आत जाता येत नाही, सगळं.

तात्याबा ऐकत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. मग पोट हलायला लागलं. लहानपणी तेही अष्टाचंग्यात कुणाला हार जात नसत. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराआड हौसा बांगड्या वाजवत हसत होती. तात्याबा आईला म्हणाले, “असू द्या, विहीणबाई. खेळातला नियम जो मोडत नाही, तो माझ्या लेकीला दिलेला शब्द काय मोडणार? आणा ती सुपारी.”

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिनं मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलला. सुपारी आली, हळदकुंकू आलं. सगळे कौतुकानं केरबाकडे बघत होते. केरबा मात्र अस्वस्थ होता. काहीतरी राहून गेलंय असं त्याला वाटत होतं. तात्याबा अडकित्ता घेऊन सुपारी फोडायला खाली वाकले, आणि ती वाकलेली पाठ बघून त्याला आठवलं.

“तात्याबा, जरा थांबा,” तो म्हणाला. “मारणाऱ्याला आणखी एक दान असतं.”

आणि त्यानं ते घेतलं.

त्यानंतर तात्याबा आणि त्यांचे दोन्ही भाऊ केरबाला शिरगावच्या वेशीपर्यंत मारत गेले. केरबा कुरकुरला नाही. मारलेल्या सोंगटीनं आपल्या घरी जायचं असतं, तो गेला. हौसाला दुसरीकडे दिली. म्हातारीनं त्याच संध्याकाळी कवड्या नदीत फेकून दिल्या.

म्हणून केरबा अजून घरीच आहे. चंगा पडल्याशिवाय निघता येत नाही.