हुप्प्याची शांतता

रानात अजून पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाघाची वर्दी झाडावरून वानरं द्यायची, गवतातून चितळं खूर आपटून द्यायची, आणि दोघंही वाचायची.

मग वानरांचा नवा हुप्प्या म्हणाला, “ही चितळं आपलीच फळं खातात आणि आपल्यालाच भिववतात. हाकला!”

वानरांनी फांद्या फेकल्या. चितळं झाडाखाली जमून खूर आपटत राहिली.

“बघा, माझ्यापुढं नाचतायत!” हुप्प्या म्हणाला. सगळी हसली.

शेवटी चितळं रान सोडून गेली. हुप्प्या म्हणाला, “किती शांतता आणली बघा!”

एका वानरीचं पिल्लू तहानलं. त्याला पोटाशी धरून ती पाण्यावर उतरली. सवयीनं तिनं विचारलं, “चितळीबाई, गवतात काही नाही ना गं?”

उत्तर आलं नाही. वारा पडला होता, तरी गवत हळूहळू तिच्याकडं वाकत आलं.