घोटभर पाण्याची परीक्षा

एकदा एक धान्याचा व्यापारी भर दुपारी एका वृद्ध वैद्यांच्या आश्रमात आला आणि घाम पुसायचीही सवड न घेता म्हणाला, "वैद्यबुवा, मला आजच्या आज एक माणूस द्या." त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. पाणी पाजले की त्यांना जीवघेणा ठसका लागे, आणि त्या धास्तीने त्यांनी पाणीच सोडले होते. ओठ सुकून फाटले, तरी तोंड उघडायला ते तयार नव्हते.

त्या आश्रमात वृद्धांची शुश्रूषा शिकवली जाई. शिकून जो परीक्षेला उतरे, त्याला वैद्य आपला शिक्का असलेली तांब्याची एक मुद्रा देत. शिष्यांत एक बाई नुकतीच दाखल झाली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे तिने अनेक वर्षे हसतमुखाने केले होते. अंगणात ती एका आजींचे केस विंचरत होती. ते पाहूनच व्यापाऱ्याला हायसे वाटले. आपल्याकडे माया दिसली, की पुढची चौकशी करायचे कुणाला सुचत नाही.

"हिलाच पाठवा," तो म्हणाला. "मुद्रेबिद्रेचं नंतर बघू."

बाईलाही ते पटले. सासूचे एवढे केलेल्या बाईची परीक्षा ती कसली घ्यायची, असे तिच्या मनात बरेच दिवस होतेच.

वैद्य खाटेवर जाऊन आडवे झाले, उजवा हात लुळा सोडला आणि म्हणाले, "मला तहान लागली आहे."

व्यापारी चरफडला. घरी बाप तहानेने तळमळतोय आणि इथे हे काय चालले आहे! बाईने मात्र मुकाट्याने पाण्याचा तांब्या घेतला. वैद्यांना आधार देऊन बसवले, हनुवटी धरून त्यांची मान मागे केली आणि भांडे उष्टे होऊ नये म्हणून, घरोघरी पितात तशी, वरून धार धरायला हात उचलला.

वैद्यांनी तिचे मनगट धरले.

"मान मागे गेली, की दुबळ्या घशातले पाणी श्वासाच्या वाटेला जाते. हनुवटी छातीकडे हवी, घोट लहान हवा, भांडे ओठाला टेकलेले हवे. उष्टे झाले तर घासता येते."

बाईचा चेहरा उतरला. "सासूबाईंनाही ठसका लागायचा," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वय झालं आता."

"तुझ्या मायेत खोट नाही, बाळ. पण आपला हात कुठे चुकतो, हे माया सांगत नाही. ते दुसऱ्याने पाहावे लागते." मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, दुकानात बिनशिक्क्याचे वजन चालते का?"

"छे! गिऱ्हाईक उभं राहणार नाही."

"गिऱ्हाइकाला निदान तराजू निरखता येतो. तुमच्या वडिलांना हिचा हात निरखता येणार आहे का? तो थेट त्यांच्या तोंडाशी येणार. मुद्रा हिच्या मानासाठी नसते, त्यांच्या भरवशासाठी असते. ती हिला मिळेपर्यंत मी स्वतः येतो. चला."

बाई मागे राहिली. शिकली, चुकली, पुन्हा शिकली. पुढे एके दिवशी वैद्य पुन्हा खाटेवर आडवे झाले, तिने आधार देऊन बसवल्यावर तिच्या हातून भांडेभर पाणी प्याले आणि त्यांनी तिच्या गळ्यात मुद्रा घातली.

ती व्यापाऱ्याच्या घरी पोचली, तेव्हा अनोळखी हात पाहून वडिलांनी ओठ घट्ट मिटले. मग त्यांची नजर मुद्रेवर गेली.

"वैद्यबुवांची?" त्यांनी अडखळत विचारले.

"हो आजोबा. आधी त्यांनी स्वतः माझ्या हातून पाणी पिऊन पाहिलंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. तिने त्यांची हनुवटी खाली घेतली, भांडे ओठाला टेकवले. एक लहानसा घोट आत गेला. दाराशी उभा असलेला व्यापारी श्वास रोखून ठसक्याची वाट पाहत राहिला.

ठसका लागला नाही.

"आणखी दे," वडील म्हणाले, आणि व्यापारी तिथेच उंबऱ्यावर बसून घळाघळा रडला.