हाकेचं नाव

एकदा एक वयोवृद्ध संशोधक आपल्या शिष्येसह रुग्णालयाचा जिना उतरत होते. एमआरआयच्या चित्रात गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून जे द्रव्य टोचतात, ते घडवण्यात गुरूंचं आयुष्य गेलं होतं. तेच काम आता शिष्येनं हाती घेतलं होतं, आणि त्या दिवशी ती हिरमुसली होती. तिच्या द्रव्यानं उंदराच्या देहातली गाठ उजळे खरी, पण शेजारचं निरोगी अंगही तितकंच उजळे, आणि बारीक गाठ त्या उजेडात हरवून जाई. "मात्रा वाढवून बघते, सर," ती म्हणाली.

खाली गडबड उडाली होती. एमआरआयला आणलेली, आठवण हरवत चाललेली एक म्हातारी नवऱ्याची नजर चुकवून कुठंतरी निघून गेली होती. फाटकाबाहेर भरधाव गाड्यांचा रस्ता. तिचा नवरा, दामूअण्णा, खांबाला धरून उभा होता. शिष्येला राहवेना. तिनं चौकशीच्या खिडकीतल्या माणसाकडून माईक घेतला आणि बाहेर अंगणातही ऐकू जाईल असा पुकारा सुरू केला, "प्रमिला शेळके, प्रमिला शेळके." सगळ्या माना वर झाल्या, दोघीतिघी तर उगाच उठून उभ्या राहिल्या. हवी ती मात्र दिसेना. शिष्येनं आवाज वाढवला, तशी मांडीवरची पोरं रडू लागली.

गुरू पुढे झाले आणि त्यांनी माईक बंदच करून टाकला.

शिष्या मनातून रागावली. गुरूंनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "अण्णा, माहेरी यांना काय म्हणायचे?"

अण्णा म्हणाले, "गोदू. लग्नात मीच बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिवलं. तवापासून ते नाव कुणी घेतलं न्हाई."

"तुम्ही घ्या."

तिघं अंगणात आले. झाडाखाली, बाकांवर, नळापाशी बायाच बाया बसलेल्या. अण्णा लाजले, मग घरात बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाले, "गोदू."

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नळाजवळ पाठमोरी बसलेली एक म्हातारी तेवढी वळली. "आले," म्हणाली. जवळ येऊन नवऱ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला ठावं व्हतं हे नाव?" अण्णांना रडू आवरेना.

गुरू शिष्येला हळूच म्हणाले, "बाळ, तुझं द्रव्य साऱ्या देहाला पुकारतं. मात्रा वाढवलीस तर पुकारा तेवढा वाढेल. प्रत्येक पेशीच्या अंगावर तिची अशी एक खूण असते, आजारी पेशीच्याही. त्या खुणेलाच जाऊन बिलगेल असा रेणू आपल्या द्रव्याला जोड. मग थेंबभर पुरेल, आणि बाकीच्या देहाला त्याचा त्रासही नको. पण त्यासाठी आधी त्या पेशीबद्दल, तिला जवळून ओळखणाऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं."

शिष्येनं मान डोलावली. मग तिनं स्वतःच म्हातारीचा हात धरला आणि तिला यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. अण्णा मागोमाग आले. "मी हितंच बसतो, हाका मारत," ते म्हणाले.

शिष्येला वाईट वाटलं. "अण्णा, आत यंत्राचा फार आवाज होतो. तुमची हाक त्यांना ऐकू यायची नाही."

म्हातारी दारात थांबली, मागे वळली.

"मला येईल," ती म्हणाली, आणि निर्धास्त आत गेली.