दिवाणांच्या गादीवर दहा तान्ही

वाडीच्या देवराईतली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नसे. तिथल्या जुन्या झाडांच्या मुळांनी धरलेल्या पाण्यावरच गावाचा झरा उन्हाळाभर वाहायचा. पण दिवाण भास्करपंतांना राजवाड्यासाठी खांब हवे होते, आणि त्यांनी देवराईकडे कुऱ्हाडी धाडल्या.

वाडीची गोजराबाई विनवायला गेली, तर पंत मिशीला पीळ देत म्हणाले, "रडतेस काय? एक म्हातारं झाड तोडलं की दहा रोपं लावतो. फायदाच आहे तुमचा!"

दुसऱ्या दिवशी गोजराबाई वाडीतल्या लेकुरवाळ्या बायका घेऊन दरबारात शिरली. पंत मुजऱ्याला उठताच तिने त्यांच्या गादीवर दहा तान्ही पोरं ओळीने निजवली.

"हे काय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"नवे दिवाण, सरकार. एक म्हातारा काढला, दहा लावले. फायदाच आहे तुमचा."

एका नव्या दिवाणाने लगेच गादी भिजवली. पंत लालबुंद झाले. "अगं भवाने, ही मोठी होईपर्यंत संस्थान कोणी चालवायचं?"

"आणि तुमची रोपं मोठी होईपर्यंत आमचा झरा कोणी चालवायचा, पंत?"

राजेसाहेबांनी कुऱ्हाडी माघारी बोलावल्या. गादी मात्र पंतांनाच वाळत घालावी लागली.