श्वास घेणाऱ्याला सोड

समुद्रकाठच्या एका गावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण धाकूची सर कोणाला नव्हती. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. शेवटी पलीकडच्या खाडीवरचे सारंगअण्णा म्हणाले, "ह्यो हंगामभर नीट वागलो, तर ह्येका आमची रोहिणी देतंय." धाकूने रोहिणीला जत्रेत एकदाच पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो ताटात मासा असला तरी नुसता भात खायचा. लक्षच नसायचं.

त्याच्या गुणाजीमामांनी त्याला आपल्या होडीवर घेतलं.

"मी सांगतंय तसा वाग," मामा म्हणाले. "लग्न जमवचा आसा ना?"

"होय मामा," धाकू म्हणाला. आणि तो खरोखरच मामा सांगतील तसा वागला. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

पहिल्याच दिवशी जाळं वर आलं तर आत डॉल्फिन. धाकूने त्याची शेपटी धरली आणि अडलेल्या बैलासारखा ओढायला लागला.

"रे, सोड! शेपटी कित्याक ओढतंस?" मामा ओरडले. "तो मासो नाय. तुझ्या-माझ्यासारखो श्वास घेता. जाळ्यात श्वास घेणारो कोणी गावलो, तर जाळां काप, पण त्येका सोड."

मामांनी स्वतःच्या हाताने नवंकोरं जाळं कापलं. डॉल्फिन फूऽस करून निघून गेला. जाळ्याचं वाईट वाटलं, पण जीव वाचला याचं मामांना बरंच वाटलं.

संध्याकाळी धाकू मामांच्या घरी गेला. मामीला ताप होता, ती मच्छरदाणी लावून झोपली होती. धाकू उंबऱ्यातच थांबला. आत कोणीतरी श्वास घेत होतं. चांगला घुर्रऽ घुर्रऽ घेत होतं. धाकूने कोयता उचलला, मच्छरदाणी वरपासून खालपर्यंत फाडली आणि म्हणाला, "जा!"

मामी कुठेही गेली नाही. तिने केरसुणी घेतली.

"मेल्या, जाळ्याकडे येण्याआधी आवाज कर!" ती म्हणाली. "डबो वाजव, कायतरी वाजव! आतलो आपसूक सावध होतलो!"

"ह्यां मात्र खरां," मामा म्हणाले. "म्हणान तर मी आता जाळ्याक टीं-टीं वाजणारो डबो बांधतलंय. डॉल्फिनाक आवाज कळलो की तो जाळ्यापासून लांब ऱ्हवता."

"होय मामा," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावाची रापण होती. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर अख्ख्या गावाने काठावरून ओढायचे. बांगडा इतका आला होता की पाणी काळं दिसत होतं. सगळे चिडीचूप. तेवढ्यात धाकू छातीएवढ्या पाण्यात शिरला, तेलाचा रिकामा डबा दगडाने बडवायला लागला आणि ओरडला, "जाळां आसा हां! सांभाळा! जाळां आसा!"

बांगडे सावध झाले. होते तेवढे सगळे सावध झाले. आसपास फिरणारा एक डॉल्फिन मात्र त्या गोंगाटाने बिथरला आणि उलटा येऊन वाळूवर पडला.

गाव धाकूला मारायला धावलं. मामा मध्ये पडले.

"मार मागाहून खा! आधी ह्येका वाचव. आंगार ओली चादर घाल. नाक उघडां ठेव. झोळीत घालून खोल पाण्यात सोड. आणि आयक, भियालेलो जीव परत काठार येता. इलो तर परत ढकल. दया करू नको."

धाकूने अगदी तस्संच केलं. डॉल्फिन परत आला, धाकूने परत ढकलला. मग तो गेला. जन्मात पहिल्यांदा लोकांनी धाकूच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने धाकू इतका हरखला की घरी जाऊन रडला.

ही कीर्ती खाडीपलीकडे पोचली. सारंगअण्णा बायकोला घेऊन धाकूला बघायला आले. मामीने सुरमई तळली, सोलकढी केली. अण्णा पोटभर जेवले, मग आणखी जेवले.

"मुक्या जीवाची ज्येका दया येता, तो माझ्या पोरीक सुखात ठेवतलो," ते म्हणाले. "वाईच पडतंय. उठलंय की नारळ देवन लग्न पक्कां करूया."

मामांना आभाळ ठेंगणं झालं. ते नारळ आणायला बाजारात गेले, मामी हार आणायला गेली. जाताना मामा म्हणाले, "पाव्हण्यांची काळजी घे हां, धाकू."

अण्णांची बायको ओटीवर लवंडली. अण्णा वाऱ्यासाठी समुद्रावर गेले आणि वाळूतच आडवे झाले. पोट वर, डोळे मिटलेले, तोंडाने फूऽस, फूऽस.

धाकूने ते पाहिलं. सासरा वाळूवर पडलाय आणि जवळ कोणी नाही! त्याने ओली चादर आणली, नाक उघडं ठेवलं आणि लोकांना हाक मारली. रापणीत दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो, म्हणून हाक आली की आमच्याकडे कोणी काही विचारत नाही. माणसं धावली, झोळी उचलली, जड आहे म्हणून खूश झाली आणि खोल पाण्यात सोडून आली. वाटा नाही असं कळल्यावर शिव्या देत घरी गेली.

मामा नारळ घेऊन आले तेव्हा धाकू ओलाचिंब, दमलेला, पण समाधानी दिसत होता.

"पाव्हणे खंय?"

"सोडलंय तेंका, मामा. भियालेले खूप. ओरडत ओरडत परत काठार येय होते. पण मी दया नाय केलंय. परत परत ढकललंय. शेवटाक एका होडयेन वर घेतल्यान. ती काठाक आणी होती, तर अण्णाच म्हणाले, थंय नको, माका माझ्या गावाक ने."

मामांनी नारळ खाली ठेवला आणि ते तिथेच बसले.

"आता बसा नको, मामा, घाई आसा," धाकू म्हणाला. "तेंची बाई ओटीवर पडलीहा. मी भिजवून ठेवलंय. पण एकट्याक उचलणा नाय. तुमी झोळयेचा दुसरा टोक धरा."